तज्ज्ञ क्रमांक अकरा

त्या रविवारी रोस्मीराने नेहमीसारखा मोठ्या पातेल्यात सांकोचो, म्हणजे मांस आणि कंदांचा रस्सा, चढवला होता, आणि खाणाऱ्या दोघीच असताना तो नेहमीसारखाच सहा जणांना पुरेल एवढा झाला होता. खिडकीबाहेर मानिसालेस गावाचा उतार धुक्यात बुडालेला. टीव्हीवर सायकलींची शर्यत चालली होती. रोस्मीरा पाठीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बाकावर बसली होती, मांडीवरच्या परातीत युकाचे कंद सोलत होती आणि घाटात मागे पडलेल्या एका सायकलवाल्याला शिव्या घालत होती.

“आलीस हेफे? बूट बाहेर काढ. ज्वालामुखीने परत राख उडवलीय, सकाळपासून दोनदा पुसलं मी.”

डिग्री घेतलेल्या नर्सला तिथल्या दवाखान्यांत सगळे हेफे म्हणतात, म्हणजे साहेब. बाकीच्या साऱ्या मदतनीस. रोस्मीराने अडतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. मुलगी नोओरा शिकून हेफे झाली, मग विद्यापीठात शिकवायला लागली, त्या दिवसापासून रोस्मीरा तिला याच नावाने हाक मारायची. बहुतेक वेळा कौतुकाने. चिडली असली की त्याच शब्दाला धार यायची, आणि नोओराला ती बरोबर लागायची.

नोओराने बूट काढले, पिशवीतून निळी फाईल काढली आणि टेबलावर ठेवली.

“आणलंस का परत ते?”

“तिसरी फेरी आहे, आई. शेवटची.”

“सायकलवाले तरी बरे. एकदा वर पोचले की सुटतात.”

गेली दोन वर्षं नोओरा ज्या कामात गुंतली होती ते असं होतं. माणसाचे शेवटचे दिवस आले की नर्सने काय करावं आणि काय करू नये, याचे नियम बांधायचे. त्यासाठी पंधरा तज्ज्ञ निवडायचे. कोणी कोणाला ओळखत नाही, एका खोलीत कधी बसत नाही. प्रत्येकाला विधानांची यादी जाते आणि प्रत्येक विधानापुढे एक ते पाच आकडा घालायचा. एक म्हणजे मुळीच पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. मग प्रत्येकाला पत्र जातं: बाकीचे असं म्हणाले, तुम्ही तसं म्हणालात, पुन्हा एकदा विचार करा. असं फेरीमागून फेरी. तीन चतुर्थांश माणसं एका बाजूला आली की त्याला एकमत म्हणायचं.

पंधरांपैकी दोन मदतनीस असाव्यात असा आग्रह नोओराचाच होता. प्रकल्पाच्या प्रमुख आर्बेलाएस मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “हो, हो, प्रत्यक्ष कामाचाही आवाज हवा.” जेवताना मीठ मागावं त्या सुरात. नावं गुप्त राहावीत म्हणून कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त नोओराकडे होतं. आणि अकरा हा क्रमांक तिने आपल्या आईला दिला होता. हे बरोबर नाही हे तिला त्याच दिवशी कळत होतं. पण या गावात मरणाऱ्या माणसांची कूस आईपेक्षा जास्त वेळा कोणी बदलली असेल, असं तिने स्वतःला विचारलं आणि यादीत नाव घातलं.

सगळं अडलं होतं ते सतराव्या विधानाशी. ‘शेवटच्या दिवसांतील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी.’

पहिल्या फेरीत रोस्मीराने त्याच्यापुढे एक लिहिला. खाली रकान्यात मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं, ‘आधी तिला विचारा. हाडं दुखत असतील तर पडू द्या. बेडसोर होईल म्हणून मरणाऱ्याला छळायचं नसतं.’ दुसऱ्या फेरीच्या पत्रात सगळ्यांची मतं गोळा करून छापली होती. ती वाचताना रोस्मीराने चष्मा वर केला.

“‘सेवेचे व्यक्तिसापेक्ष अनुकूलन विचारात घ्यावे.’ हे कुठलं शहाणं म्हणालं गं?”

“तूच, आई.”

“मी? अगं, मी हे शुद्धीत असताना म्हणेन का?”

त्या वेळी दोघी हसल्या होत्या. दुसऱ्या फेरीतही तिने एकच लिहिला.

आता तिसरी फेरी. येत्या बुधवारी अहवाल द्यायचा होता. बाकी चौदा जणांची उत्तरं ईमेलवर आली होती. रोस्मीराला संगणकावर भरायचा कंटाळा, म्हणून तिचा कागद नोओराच न्यायची आणि आणायची. विभागातल्या भिंतीवर विधानांचा मोठा तक्ता लावलेला होता. एकमत झालं की त्या ओळीपुढे हिरवी टिकली चिकटायची. चोवीस ओळींपुढे टिकल्या होत्या. एक ओळ रिकामी होती.

रोस्मीराने हात पुसले, कागद ओढला, सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

“परत हेच.”

“तीन जण मधोमध आहेत आई, ते हलत नाहीत. अकरा जण बाजूने. बारा लागतात.”

“म्हणजे किती कमी पडतायत?”

“एक.”

रोस्मीराने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, “म्हणजे तुला माझं मत नकोय. तुला एक माणूस हवंय.”

“असं नाही गं. दवाखान्यात आत्तासुद्धा दोन तासांनीच फिरवतात. कागदावर आलं काय, न आलं काय.”

“मग नको येऊ देऊ.”

“नाही आलं तर चौथी फेरी. अहवाल अडणार. मॅडम मला फाडून खातील.”

“त्यांना थोडा सांकोचो नेऊन दे. पोट भरेल.”

“आई, मस्करी नको. इतके शिकलेले लोक एक म्हणतायत, आणि तू एकटी—”

“मी एकटीच खोलीत असायची ना, हेफे. ते शिकलेले नव्हते तिथे.”

“तुला पद्धतच कळत नाही!” नोओरा म्हणाली.

ते तोंडातून जाताच तिला वाटलं, नको होतं. पण परत घ्यावं असंही तिला वाटलं नाही. आईचं म्हणणं तिला कळत होतं. नुसतं कळत नव्हतं, पटत होतं. शिकाऊ असताना एका म्हाताऱ्याला फिरवताना त्याच्या तोंडून आलेला आवाज तिने स्वतः ऐकला होता आणि नंतर न्हाणीघरात जाऊन ओकली होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी तर सांगायची गोष्टच नव्हती.

रोस्मीराने पाठीमागची पिशवी जरा सरकवली. “खरंय,” ती म्हणाली. “मला माणसं फिरवायची पद्धत कळते. पेन दे.”

तिने चार लिहिला. खालचा रकाना कोरा सोडला.

“घे हेफे. झालं तुझं एकमत. आता ऊठ, लिंबू काप, निवतंय ते.”

नोओरा दोन वाडगे जेवली. आईने अर्धा वाडगा घेतला आणि तोही पुरा खाल्ला नाही, हे तिला फार नंतर आठवलं.

सोमवारी सकाळी रोस्मीरा बाजाराला निघाली. उताराच्या तळाशी बसच्या पायरीवर तिने पाय ठेवला, आणि पाठीत काहीतरी मोडल्याचा आवाज शेजारच्या बाईनेही ऐकला. ती तिथेच पायरीवर बसली, आणि तिला उठता येईना. दवाखान्यात कळलं की पाठीचा मणका भुसभुशीत होऊन बसला आहे. कर्करोगाने बाकीची हाडंही तशीच पोखरली होती. गाठ मुळात कुठे होती हे शोधायची कोणाला गरजही वाटली नाही. चार महिने ती दुखण्यावरच्या गोळ्या खात होती, कॉफीच्या डब्यात ठेवून. अडतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आपल्याला काय झालंय हे कळलं नसेल, यावर नोओराचा विश्वास बसला नाही.

एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. त्यातले पहिले तीन तपासण्यांत गेले. मग डॉक्टरने नोओराला बाहेर बोलावून खांद्यावर हात ठेवला, आणि रोस्मीराच्या खाटेच्या पायथ्याशी तक्ता लागला. उजवी, पाठ, डावी. आठ, दहा, बारा, दोन. प्रत्येक वेळेपुढे चौकोन, आणि चौकोनात खूण करायची.

वॉर्डातली मदतनीस मार्लेनी होती, पन्नाशीची. चोवीस वर्षांपूर्वी तिला हातमोजे कसे घालायचे हे रोस्मीरानेच शिकवलं होतं, आणि तेव्हापासून ती तिला दोन्या म्हणायची, म्हणजे बाईसाहेब.

“दोन्या रोस्मीरा, आता उजवीकडे हं. दोन मिनिटं.”

“राहू दे गं मार्लेनी.”

“माझी सोनी, दोनच मिनिटं. एक, दोन—”

आणि मग तो आवाज. रोस्मीराने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. तोही चढलेला नव्हता. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा होता, आतून, दात घट्ट मिटलेले असताना. मार्लेनीचे डोळे भरले. तिने उशी खाली सारली, चादर ताठ केली, चौकोनात खूण केली.

दोन तासांनी परत.

चौथ्या दिवशी दहा वाजता मार्लेनीने हात घातला आणि रोस्मीराने तिचं मनगट धरलं. “नको.” एवढंच. मार्लेनी थांबली. तिने नोओराकडे पाहिलं.

“हेफे, काय करू?”

त्या वॉर्डात नोओरा फक्त मुलगी नव्हती. ती हेफे होती. तिच्या अर्ध्या विद्यार्थिनी तिथे कामाला होत्या. तिने नुसती मान हलवली असती तरी तो तक्ता खाली उतरला असता. नोओराला हे माहीत होतं, मार्लेनीला माहीत होतं, आणि खाटेवरच्या बाईला सर्वांत जास्त.

नोओराने तक्त्याकडे पाहिलं.

का पाहिलं, याचं उत्तर तिने नंतर पुष्कळ शोधलं आणि जे मिळालं ते इतकं क्षुद्र होतं की तिला स्वतःची किळस आली. रविवारी जिने आईकडून चार लिहून घेतला, ती गुरुवारी एक म्हणायला लाजली. बस, इतकंच होतं. प्रेम कमी नव्हतं आणि ज्ञानही कमी नव्हतं. अहवाल गेला होता, टिकली चिकटली होती, आणि स्वतःच्या आईच्या खाटेशी उभं राहून आपलाच नियम मोडायचा तर आपण काय केलं ते उच्चारावं लागलं असतं.

रोस्मीराने मुलीचे डोळे कुठे गेले ते पाहिलं. मार्लेनीचं मनगट सोडलं.

“फिरव बाई,” ती म्हणाली. “पंधरा शहाण्यांनी ठरवलंय. त्यातली एक तर भलतीच मूर्ख होती.”

मार्लेनीला काही कळलं नाही. वाताने बडबडतायत असं वाटून ती कपाळावरून हात फिरवत राहिली. त्यानंतर रोस्मीरा ‘नको’ म्हणाली नाही. वेळ झाली की स्वतःच डोळे मिटून घ्यायची.

नोओरा रोज जायची. तिला त्या खोलीतल्या सगळ्याचा वीट आला होता: मलमाचा गोडसर वास, हातमोजे ताणले जाताना होणारा चटचट आवाज, ‘छान, छान, झालं बरं का’ असं लहान पोराशी बोलावं तसं बोलणं. आईची पाठ निर्मळ होती. एक ओरखडा नाही, एक लाल डाग नाही. वॉर्डाच्या हेफेने तसं तिला अभिमानाने सांगितलंही. “बघा, कातडी कशी आहे. आदर्श.” नोओरा बाहेर जिन्यात जाऊन बसली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेअकराला रोस्मीरा गेली. मार्लेनी डोळे पुसत नळ्या काढायला लागली. नोओराचं लक्ष सहज तक्त्याकडे गेलं. बाराच्या चौकोनात खूण होती. डावी कूस. काम फार असलं की मदतनीस सकाळीच दुपारपर्यंतच्या खुणा करून ठेवतात, रोस्मीराही करायची, सगळ्याच करतात. नोओराला मार्लेनीचा राग आला नाही. बारा वाजता तिच्या मेलेल्या आईची डावी कूस बदललेली होती आणि कागद पूर्ण होता, एवढंच तिने पाहिलं.

तीन आठवड्यांनी विभागात बैठक होती. पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून नियम प्रांतातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत लागणार होते. त्याआधी उपअधिष्ठात्यांची सही हवी होती. टेबलावर गरम पांदेबोनोंची, म्हणजे चीजच्या छोट्या पावांची, टोपली, कॉफी, मधोमध प्लास्टिकची ऑर्किडं. भिंतीवर तक्ता, पंचवीस हिरव्या टिकल्या.

आर्बेलाएस मॅडमनी नोओराला दारातच मिठी मारली. अत्तराचा वास तिच्या नाकात बसला.

“किती खंबीर आहेस गं. दोन्या रोस्मीरा म्हणजे साक्षात माया. मला अजून आठवतायत.”

आठवत असतील. विभागाच्या समारंभात त्या एकदाच भेटल्या होत्या, आणि मॅडमनी तिच्या हातात रिकामा कप देऊन आणखी साखर मागितली होती. रोस्मीराने ती आणूनही दिली होती आणि घरी येऊन पोट धरून हसली होती.

“आम्ही सगळ्यांनी मिळून एक ठरवलंय,” मॅडम सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “पहिल्या पानावर अर्पण असेल. ‘एका साध्या मदतनिशीच्या स्मृतीस, जिने आम्हांला सेवा शिकवली.’ कसं वाटतं?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोओराने आभार मानले. आपल्या तोंडाला आभार मानता येतात याची तिला शिसारी आली. समोर कोणीतरी पांदेबोनो मोडला, चीजची तार लांबली, आणि तिने मान फिरवली.

उपअधिष्ठाते मरूलांदा म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. चाळशी लावून ते पानं उलटत होते. “सतरावं,” ते म्हणाले. “दुसऱ्या फेरीत इथे एकमत नव्हतं. मग झालं कसं?”

“तिसऱ्या फेरीत एका तज्ज्ञाने फेरविचार केला,” मॅडम म्हणाल्या. “या पद्धतीचं सौंदर्यच ते आहे, डॉक्टर. कोणाचा दबाव नाही, कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. माणूस शांतपणे इतरांचं वाचतो आणि स्वतःच स्वतःला सुधारतो.”

“एकावरून एकदम चारावर?”

“क्रमांक अकरा. फार हट्टी हं, दोन वेळा जागचा हलला नाही. पण शेवटी आला वळणावर.” मॅडम हसल्या, तसे बाकीचेही हसले. “नोओराने सांभाळलं सगळं. तिच्या हातात जादू आहे. सांग ना गं, कसं वळवलंस त्याला?”

नोओराने टेबलाची कड धरली.

“एकमत झालेलं नाही,” ती म्हणाली. “अकरा जण आहेत. बारा नाहीत.”

“आकडे समोर आहेत गं,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“आकडा मी लिहून घेतलाय. क्रमांक अकरा माझी आई होती.”

खोलीत कोणीतरी कप खाली ठेवला. मरूलांदांनी चाळशी काढली.

“मी तिच्या घरी कागद घेऊन गेले. एक कमी पडतोय असं तिला सांगितलं. तुला पद्धत कळत नाही असंही म्हणाले. मग तिने लिहिलं.”

“नोओरा, तू दमली आहेस,” मॅडम उठल्या. त्यांच्या गालांवर लाल डाग चढले होते. “हे दुःख बोलतंय. आपण दोघी नंतर बसू, माझ्या खोलीत. डॉक्टर, हिची अवस्था तुम्ही—”

“खाली बसा, मॅडम.”

त्या बसल्या. नोओराने त्यांना या सुरात कधी काही सांगितलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक बसल्या.

“नंतर ती वॉर्डात होती. हाडं मोडलेली होती. दर दोन तासांनी. ती नको म्हणाली, आणि मदतनिशीने मला विचारलं, काय करू. एक शब्द पुरला असता. मी तक्त्याकडे बघत उभी राहिले.”

“पण नियम तर आधीपासून तसाच होता,” कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं. “वैद्यकीयदृष्ट्या चूक कुठे आहे?”

“तिची पाठ अगदी स्वच्छ होती,” नोओरा म्हणाली. “एक डाग नव्हता.”

मरूलांदांनी पानं मिटली आणि विचारलं, आवाज न चढवता, “म्हणजे तुमच्या आईचं मत एक होतं. आणि तुमचं?”

“संयोजकाला मत नसतं,” मॅडम चटकन म्हणाल्या. “पद्धतीत तशी जागाच नाही.”

“मी त्यांना विचारतोय.”

नोओराने टेबलाची कड सोडली.

“तिचं बरोबर होतं,” ती म्हणाली. “मला त्या रविवारीही माहीत होतं. आई, तुझं बरोबर होतं.”